साइडकारचा शॉकअप पुन्हा पुन्हा जातोय? नवा आणण्याआधी जुना टाकू नका

१४ महिन्यांत ३ शॉकअप गेले. तिन्ही एकाच पद्धतीने. आधी दांडीभोवती तेलाचा ओलसर पट्टा दिसायचा, मग त्या पट्ट्यावर धूळ बसून काळा चिखल व्हायचा, आणि पुढच्या महिन्याभरात प्रत्येक खड्ड्याला साइडकार नाचायला लागायची. पहिला गेला तेव्हा तो जुनाच होता, म्हणून वाईट वाटलं नाही. दुसरा गेला तेव्हा मिस्त्री म्हणाले, "डुप्लिकेट माल निघाला. चांगल्यातला घ्या." तिसरा चांगल्यातला घेतला, गॅसचा, दुप्पट पैसे मोजून. तो चार महिन्यांत गेला. चौथा आणायला निघालो होतो, पण पाय अडखळला. तिन्ही जुने शॉकअप मी फळीवर ठेवून दिले होते. ते खाली काढले, रॉकेलने पुसले आणि शेजारी शेजारी मांडून पाहिले. दोष शॉकअपचा नव्हता, तो ज्या जागेत बसत होता त्या जागेचा होता, हे त्या तिघांवर स्वच्छ उमटलेलं होतं.

ज्यांच्या साइडकारचा शॉकअप असा वारंवार जातो त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितो आहे. नवा शॉकअप बसवणं हे तासाभराचं काम आहे. तो टिकवण्यासाठी त्याआधी जे मोजायचं असतं त्यात माझे दोन रविवार गेले, आणि तेच खरं काम.

गाडी १९७८ ची, कास्ट आयर्न बुलेट ३५०. डाव्या हाताला साइडकार. साइडकारची चौकट पाइपची, चाक स्कूटरचं ३.५०-१०. चाक एका आर्मच्या मागच्या टोकाला आहे, आर्मचं पुढचं टोक चौकटीला बुशवर, म्हणजे पितळी नळीवर, फिरतं आणि मधे उभा एकच शॉकअप. आपल्याकडच्या बहुतेक देशी साइडकार अशाच आहेत. आम्ही वाईला राहतो. आईचे दोन्ही गुडघे दुखतात, मागच्या सीटवर पाय टाकून बसणं तिला जमत नाही. साइडकारमध्ये मात्र ती आरामात पाय लांब करून बसते. पसरणी घाटातून पाचगणीला मावशीकडे जाणं हा तिचा ठरलेला फेरा. गाडीत काही बिघडलं की सगळ्यात आधी तिला कळतं. तिसऱ्या शॉकअपच्या वेळी ती एवढंच म्हणाली होती, "अरे, आज धक्का कंबरेत बसतोय, आणि खालून ठक्क वाजतंय." या ठक्कचा अर्थ मला फार उशिरा लागला.

शॉकअपच गेलाय ना, हे आधी बघा

साइडकार उड्या मारते म्हणजे शॉकअप गेला असं धरून चालू नका. चाकाची बेअरिंग, आर्मचा बुश, मडगार्डची ढिली पट्टी, या तिघांचा आवाज थेट शॉकअपसारखा येतो.

साइडकारचं नाक दाबून काही कळत नाही, कारण त्याने सगळी चौकटच हलते. चाकाच्या बरोबर वर, बाहेरच्या कडेवर दोन्ही हातांनी वजन टाका आणि झटकन सोडा. चांगला शॉकअप असेल तर कड वर येते, जराशी खाली जाते आणि थांबते. दोनपेक्षा जास्त हेलकावे आले तर आतलं तेल काम करत नाही. मग जॅकवर घेऊन चाक घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. चाकापाशीच खुटखुट लागली तर बेअरिंग, आर्मसकट चाक हललं तर बुश. टकटक आवाज असेल तर शॉकअपच्या आयवर, म्हणजे बोल्ट जातो त्या गोल डोळ्यावर, बोटं ठेवा आणि दुसऱ्याला गाडी हलवायला सांगा. आयचं रबर गेलं असेल तर तो ठोका बोटांना लागतो.

टायरवरही तळवा फिरवा, एकदा पुढून मागे आणि एकदा मागून पुढे. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर चाकाची रेघ (अलाइनमेंट) चुकली आहे. ठरावीक अंतरावर खळगे लागले तर चाक रस्त्यावर उड्या मारत होतं, म्हणजे शॉकअप बराच आधी गेलेला आहे. माझ्या टायरला दोन्ही होतं. तेव्हाच शंका यायला हवी होती.

आणि हे जरूर लक्षात घ्या: दांडीवर तेलाचा पातळ थर असणं हा दोष नाही. तेल अडवणारं रबरी सील भिजलेलं असावंच लागतं. बोट फिरवल्यावर थेंब जमला किंवा खालच्या नळीवर ओघळ दिसला तर मात्र तो गळतो आहे.

फळीवरचे तीन शॉकअप

तिसरा शॉकअप काढण्याआधी मी त्याच्यावर खडूने खूण केली होती, गाडीकडची बाजू कुठली ते कळावं म्हणून. ही खूण केलीत तर अर्धं निदान तिथेच होतं. स्प्रिंग काढून दांडी पूर्ण बाहेर ओढली आणि उजेडात फिरवली. तीन बाजूंनी क्रोम आरशासारखं. चौथ्या बाजूला, बरोबर खडूच्या खुणेच्या रेषेत, बोटभर रुंदीचा मंद पट्टा. नख आडवं फिरवलं की त्यात अडकत होतं. पट्ट्याच्या मधे क्रोम उडून आतलं लोखंड तांबूस दिसत होतं. मग आधीचे दोन बघितले. त्यांच्याही दांड्या एकाच बाजूने घासलेल्या.

शॉकअपची दांडी सरळ वरखाली झाली तर ती सगळीकडून सारखी झिजते. एकाच बाजूने झिजली तर ती तिरकी दाबली जाते आहे. ऑइल सील नावाचं ते छोटं रबर तेल अडवण्यासाठी असतं, आडवा भार पेलण्यासाठी नसतं. आडव्या भाराने ते एका अंगाने रुंदावतं, तिथून तेल जातं, आत धूळ येते आणि धूळ क्रोम घासते. महागातला शॉकअप घेतला तरी हे चुकत नाही. गॅसच्या शॉकअपमध्ये आत दाब असल्यामुळे बिघडलेलं सील उलट लवकर हार खातं.

दुसरी खूण: दांडीवर टोकाला जो काळा रबरी बफर असतो, तो तिन्हींमध्ये चुरा झाला होता. म्हणजे शॉकअप वारंवार तळाला आपटत होता. आई म्हणत होती तो ठक्क हाच.

तिसरी खूण आयमध्ये. रबराच्या आत जी लोखंडी नळी असते ती आयपेक्षा किंचित लांब असावी लागते. नट कितीही आवळला तरी तो नळीवर टेकतो आणि रबर मोकळं राहतं. बसवताना कुणीतरी नळी काढून टाकली होती, बहुधा बोल्ट जाड म्हणून जात नव्हता. नट थेट रबरावर आवळलेला. रबर चेपून दगडासारखं झालेलं. आयने थोडं तिरकं व्हायची सोय ठेवलेली असते, ती इथे पूर्ण बंद. सगळा पीळ दांडीला.

दुसऱ्या शॉकअपचं आणखी एक दुखणं होतं. तो उलटा बसवला होता, दांडी खाली आणि नळी वर, कारण वरच्या ब्रॅकेटमध्ये नळीकडची आय सहज बसत होती. साध्या तेलाच्या शॉकअपमध्ये नळीच्या आत आणखी एक नळी असते. दोन्हींच्या मधल्या जागेत खाली तेल आणि वर थोडी हवा. उलटा केला की तळाच्या व्हॉल्व्हपाशी तेलाऐवजी हवा येते आणि शॉकअप पहिले काही मिलिमीटर पोकळ चालतो. असा शॉकअप दांडी वर ठेवूनच बसवायचा. आडवा पडून राहिलेला नवा शॉकअपसुद्धा बसवण्याआधी उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबा आणि ओढा, म्हणजे आतली हवा जागेवर जाते. ओढताना तो दाबण्यापेक्षा जड लागला पाहिजे आणि दिशा बदलताना मधे कुठे पोकळ लागता कामा नये. दुकानात उभ्या उभ्या ही परीक्षा करून घ्या. पुण्याच्या नाना पेठेत मी गेलो तेव्हा दुकानदारांनीच तीन शॉकअप समोर ठेवले, त्यातले दोन मी या एका परीक्षेवर परत केले आणि त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही.

ओळंबा आणि सुतळी

तिरका भार कुठून येतो ते शोधायला महागडं काही लागत नाही. गवंड्याचा ओळंबा पुरतो.

गाडी सपाट जागी उभी करा. पुढचं-मागचं चाक विटांनी दोन्हीकडून अडवा. साइडकारच्या चौकटीखाली, चाकाजवळ, जॅक लावा आणि त्याच्या शेजारी लाकडी ठोकळा द्या. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून हात खाली घालू नका. चौकट पाणसळीत आणा. आता शॉकअप काढून टाका आणि आर्म नेहमीच्या उंचीवर ठोकळ्याने टेकवून ठेवा. वरच्या ब्रॅकेटच्या बोल्टाच्या मध्यावरून ओळंबा सोडा. तो खालच्या बोल्टाच्या मध्याच्या रेषेत यायला हवा. पुढे-मागे फरक असणं साहजिक आहे, शॉकअप बऱ्याचदा मुद्दाम पुढे कललेला असतो. बघायचा आहे तो डावा-उजवा फरक.

माझा ओळंबा ११ मिलिमीटर बुलेटच्या बाजूला पडला. दोन्ही आयमधलं अंतर ३२० मिलिमीटर, म्हणजे शॉकअप जवळजवळ २ अंश तिरका, वरचं टोक बुलेटकडे. बघायला किरकोळ वाटतं. पण आय जाम असेल तर प्रत्येक खड्ड्याला त्या २ अंशांचा बाक दांडीने घ्यायचा. वरच्या ब्रॅकेटचं वेल्डिंग नीट बघितलं तर खाली आणखी एक जुना, घासून सपाट केलेला टाका दिसला. पूर्वी कधीतरी ब्रॅकेट तुटलं होतं आणि जोडताना डोळ्यांनीच जागा धरली होती.

मग आर्म. शॉकअपच्या दोन्ही बोल्टांच्या भोकांतून लांब सळया घातल्या आणि मागे उभं राहून पाहिलं. सळया एकमेकींना समांतर नव्हत्या. आर्मचं मागचं टोक धरून डावीउजवीकडे हलवलं तर चाकापाशी ५ मिलिमीटर खेळ. पितळी बुश एका बाजूने अंडाकृती झाला होता. म्हणजे ब्रॅकेट तिरकं, त्यात आर्म लुळा. वळणावर चाकाला जो आडवा धक्का बसतो तो आर्मने घ्यायचा असतो. आर्म लुळा पडला की तो धक्का शॉकअपकडे येतो. सोलो बुलेटमध्ये हे होत नाही. ती वळणावर झुकते, आणि तिच्या मागच्या चिमट्याला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या आर्मला, दोन पाय आणि दोन शॉकअप असतात. साइडकार झुकत नाही. घाटातल्या प्रत्येक उजव्या वळणाला सगळा भार बाहेर, डाव्या चाकावर येतो, आणि तिथे आर्म एक, शॉकअप एक.

बुश लेथवर नवा करून घेतला, ग्रीसची खाच पाडून. ब्रॅकेट कापून ओळंब्याच्या रेषेत पुन्हा जोडलं. वेल्डिंगवाल्या दादांना मी खरा शॉकअप लावू दिला नाही. त्याच लांबीच्या पट्टीला दोन भोकं पाडून ती शॉकअपच्या जागी बोल्टने अडकवली आणि त्यावर ब्रॅकेट धरून टाके मारले. शॉकअप जागेवर ठेवून वेल्डिंग किंवा गॅस कटर चालवू नका. आत तेल असतं, काहींमध्ये दाबाखालचा गॅस असतो.

बुलेटचा शॉकअप साइडकारला का पुरत नाही

इथे मात्र थोडं गणित करावं लागेल, कारण बहुतेक जण इथेच चुकतात आणि मीही चुकलो. बुलेटचा मागचा शॉकअप साइडकारला "बसतो", म्हणून तोच लावला जातो. १९४९ मध्ये बुलेटला मागे चिमटा आणि हायड्रॉलिक शॉकअप आले तेव्हापासून ती जोडी आहे. एका शॉकअपने अर्धा भार घ्यायचा हे धरून त्याची स्प्रिंग केलेली असते. साइडकारमध्ये तो एकटा असतो, शिवाय आर्मच्या मधे बसलेला असतो.

माझ्या आर्मची लांबी, बुशपासून चाकाच्या ॲक्सलपर्यंत, ४०० मिलिमीटर. शॉकअप बुशपासून २५० वर. ४०० भागिले २५० म्हणजे १.६. चाकावर जेवढं वजन येतं त्याच्या १.६ पट शॉकअपवर येतं. साइडकारच्या चाकाखाली घरातला वजनकाटा ठेवला आणि बुलेटच्या दोन्ही चाकांखाली तेवढ्याच जाडीच्या फळ्या. रिकामी ६२ किलो. आई बसली, तिचं वजन ६५, तर काटा १०६ वर गेला. बाकीचे २१ किलो बुलेटच्या चाकांनी घेतले. चाक, टायर आणि आर्म यांचे साधारण १२ किलो स्प्रिंगवर येत नाहीत, ते वजा केले. उरले ५० आणि ९४. १.६ ने गुणले की शॉकअपवर रिकामं ८० किलो, आई बसल्यावर १५० किलो.

जुनी स्प्रिंग लेथवाल्या काकांच्या पिलर ड्रिलखाली वजनकाट्यावर उभी करून दाबली. ती सटकू नये म्हणून आत पाइप घातला होता. ५० मिलिमीटर दाबायला ९० किलो लागले, म्हणजे मिलिमीटरला १.८ किलो. बसवताना ती आधीच २० मिलिमीटर दाबलेली होती. आता हिशेब करा. ८० किलोला ४४ मिलिमीटर, त्यातले २० आधीचे, म्हणून रिकामी साइडकार शॉकअपच्या २४ मिलिमीटरवर उभी. १५० किलोला ८३, त्यातून २० वजा, ६३. शॉकअपची पूर्ण चाल ७० मिलिमीटर. आई बसली की ७ मिलिमीटर उरत होते, चाकाकडे जेमतेम ११. गावातल्या साध्या गतिरोधकालाही ते संपायचे आणि शॉकअप तळाला आपटायचा. महिनोन्महिने आईच्या कंबरेला बसणारा धक्का या ११ मिलिमीटरांचा होता. हा आकडा कागदावर उतरल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

उपाय म्हणजे जाड तारेची स्प्रिंग. तार किती जाड करायची याचा अंदाज चुकतो, कारण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या तीच ठेवून ८ मिलिमीटरऐवजी ९ मिलिमीटर तार घेतली तर कडकपणा १.६ पट होतो. १० घेतली तर जवळजवळ अडीच पट, आणि मग रिकामी साइडकार दगडासारखी उडते. मी ९ घेतली. मिलिमीटरला २.९ किलो, आधीचा दाब १२ मिलिमीटर. आता रिकामी १६ वर उभी राहते, आई बसल्यावर ४० वर. खाली ३० मिलिमीटर शिल्लक, चाकाकडे ४८.

जाड तारेची स्प्रिंग घेताना तिची वेटोळी शेवटी एकमेकांना टेकत नाहीत ना हे पाहा. माझ्या स्प्रिंगची १५ वेटोळी, ९ मिलिमीटरप्रमाणे १३५. मोकळी लांबी २४०, त्यातून १२ आणि ७० वजा केले की १५८ उरतात. १३५ पेक्षा जास्त आहेत, म्हणून चालली. उलट झालं असतं तर शॉकअप संपायच्या आधी स्प्रिंग ठोस झाली असती आणि आयचे बोल्ट वाकले असते. शिवाय कडक स्प्रिंग जोरात परतते, तिला आवरणारा शॉकअपही तसा हवा. ओढताना जड लागणारा शॉकअप निवडायचा तो त्यासाठीच.

चेतकच्या साइडकारवाल्यांनाही हीच पद्धत लागू पडते. आकडे वेगळे येतील, मोजायच्या गोष्टी याच.

बसवताना

गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. घाईने पान्याला पाइप लावून जोर केला की ब्रॅकेट पिळतं आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. आर्मखाली जॅक ठेवूनच खालचा बोल्ट काढा. नाहीतर आर्म धाडकन पडतो, साइडकारच्या चाकाला ब्रेक असेल तर त्याची केबल ताणली जाते. स्प्रिंग शॉकअपवर चढवणं-उतरवणं घरी दोरी किंवा शिकंजे लावून करू नका. दाबलेली स्प्रिंग तोंडासमोर सुटली तर काय होईल ते सांगायला नको. शॉकअप दुरुस्तीच्या दुकानात तिचा प्रेस असतो, पाच मिनिटांचं काम.

बोल्ट नवे घ्या, डोक्यावर ८.८ लिहिलेले. बोल्टाचा आटे नसलेला गुळगुळीत भाग आयच्या नळीत पूर्ण बसेल एवढा लांब हवा. नळीत आटे आले की ते तिला करवतीसारखे खातात. नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले. आय आणि ब्रॅकेटमधली जागा दोन्हीकडे सारख्या वॉशरने भरा, एका बाजूला तीन आणि दुसरीकडे एक असं केलंत तर ओळंब्याने मिळवलेली रेघ वॉशरने घालवली. माझ्या नव्या आयची नळी ब्रॅकेटपेक्षा ४ मिलिमीटर अरुंद होती, दोन्हीकडे २-२ मिलिमीटरचे वॉशर लेथवर करून घेतले.

यातली एक गोष्ट फार थोडे मिस्त्री करतात, आणि ती फुकट आहे. बोल्ट जॅकवर असताना पूर्ण आवळू नका. हातानेच लावा, गाडी खाली घ्या, नेहमी बसणारं माणूस साइडकारमध्ये बसवा आणि मग आवळा. आयचं रबर ज्या स्थितीत आवळलं जातं ती त्याची विश्रांतीची जागा होते. आर्म लोंबकळत असताना आवळलंत तर गाडी खाली आल्याबरोबर रबराला पीळ पडतो आणि तो कायम राहतो. आई आत बसून होती, मी खाली आडवा होऊन पाना फिरवत होतो, आणि ती वरून विचारत होती, "झालं का? की अजून बसू?"

दांडीवर धूळ बसू नये म्हणून रबरी बूट मिळाला तर लावा. नसेल तर जुन्या ट्यूबचा तुकडा स्प्रिंगवरून चढवला तरी चालतो, फक्त खालचं तोंड मोकळं ठेवा. वाईच्या पावसात आत पाणी साठून राहिलं तर उघड्या दांडीपेक्षा झाकलेली आधी गंजते.

मग चाकांची रेघ

नवी स्प्रिंग लावली म्हणजे साइडकारची उंची बदलली, आणि बुलेट साइडकारला घट्ट जोडलेली असल्यामुळे बुलेटचा कलही बदलला. हे विसरून लोक गाडी रस्त्यावर काढतात आणि हँडल एका बाजूला ओढतंय म्हणून नव्या शॉकअपला दोष देतात. माझी साइडकार रिकामी असताना चाकापाशी १३ मिलिमीटर वर आली होती. बुलेटचं मागचं चाक आणि साइडकारचं चाक यांत ११०० मिलिमीटर अंतर आहे, म्हणजे बुलेट अर्ध्या अंशाहून जास्त उजवीकडे गेली.

मागच्या चाकाजवळ, आधाराला टेकवून, ओळंबा सोडून ६०० मिलिमीटर उंचीत किती फरक पडतो ते मोजा. २१ मिलिमीटर म्हणजे २ अंश. मी बुलेट आणि साइडकार जोडणाऱ्या वरच्या तिरक्या दांड्यांचे नट फिरवून असं ठेवलं आहे की रिकामी असताना बुलेट २ अंश उजवीकडे झुकलेली आणि आई बसल्यावर जवळजवळ सरळ. आपल्या रस्त्यांना डावीकडे उतार असतो, त्यामुळे गाडीचा ओढा मुळातच डावीकडे. उजवा कल त्याला तोलून धरतो. जुन्या मऊ स्प्रिंगवर आई बसली की साइडकार चाकापाशी ६० मिलिमीटरहून जास्त खाली बसायची, आणि बुलेट डावीकडे कलंडून घाटभर हँडल ओढायची. माझे खांदे दुखायचे, त्याचं कारण हे.

चाकांची रेघ मोजायला सरकत्या खिडक्यांचे अ‍ॅल्युमिनिअम सेक्शन, दोन लांब सरळ तुकडे. एक बुलेटच्या दोन्ही चाकांना टेकवून, एक साइडकारच्या चाकाला. पुढच्या चाकाच्या पुढे आणि मागच्या चाकाच्या मागे त्यांच्यातलं अंतर मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा थोडं कमी हवं, साधारण १० ते २० मिलिमीटर. माझं ३४ ने कमी होतं. म्हणजे साइडकारचं चाक सतत तिरकं घासत चाललं होतं, टायरची ती करवत तिथूनच आली, आणि बुशही त्यानेच खाल्ला. १४ वर आणलं. मोजताना टायरमध्ये हवा नीट हवी आणि चालवणारा सीटवर बसलेला हवा, नाहीतर आकडा खोटा येतो.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा पाहा. नवा बुश आणि नवे वॉशर बसताना थोडी जागा सोडतात. माझा खालचा नट पाव आटा ढिला झाला होता.

शॉकअपच्या दांडीवर मी बसवतानाच एक छोटी रबरी ओ-रिंग चढवून ठेवली होती. शॉकअप दाबला गेला की ती वर सरकते आणि तिथेच थांबते, म्हणजे सगळ्यात मोठा धक्का किती खोल गेला ते ती दाखवते. या गोष्टीला ११ महिने झाले. एक पूर्ण पावसाळा आणि पसरणी घाटाच्या अनेक फेऱ्या होऊन गेल्या. ओ-रिंग ७० पैकी ५८ वर आहे, बफर शाबूत आहे, आणि परवा दांडीभोवती बोट फिरवलं तर चारही बाजूंनी सारखाच पातळ, स्वच्छ तेलाचा थर लागला.